खिडकीवरचा तीनशे बारा

सणसर, ता. इंदापूर
४ ऑक्टोबर १९९७

चि. मनिषास,

मामाचा आणि मामीचा आशीर्वाद. इकडे आम्ही सगळी बरी आहोत, म्हैस सोडून. तू आपल्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसतेस म्हणून हे पत्र. फोनवर ओरडून घसा बसतो आणि आकडा तरी कुठं धड कळतो.

विहिरीकडचा आपला ऊस गेल्या साली आषाढात लावलेला, म्हणजे आडसाली. नोंद घेणाऱ्याने तो सुरू म्हणून लिहिला, जसा काही मी माघात लावला. त्यामुळे तोडणीचा नंबर पार मागे, ३१२. भाद्रपदात मी दुरुस्तीचा अर्ज दिला, तुझ्याच हातात दिला. काल कारखान्याच्या खिडकीवर जाऊन विचारलं तर अजून ३१२. मग अर्जाचं झालं काय?

३१२ म्हणजे फाल्गुन उजाडणार. छकुलीचं कोऱ्हाळ्याच्या युवराजशी ठरलंय हे तुला माहीत आहे. त्या लोकांना मार्गशीर्षातच लग्न पाहिजे. मांडव घालायला त्या तुकड्याशिवाय जागा नाही. ऊस उभा असेल तर वऱ्हाड काय सरीत बसवू? नंबर नक्की कळव, म्हणजे तारीख धरता येईल.

तुझा मामा,
तात्याबा

ता. क. मनीताई, वरचं सगळं आबांनी सांगितलेलं, हे माझं. मार्चमध्ये नर्सिंगची शेवटची परीक्षा आहे. मार्गशीर्षात लग्न झालं तर कोऱ्हाळ्याहून इंदापूरला मला कोण पाठवणार? सासूबाई आत्ताच म्हणतात, शिकली तेवढी पुरे झाली. युवराज काहीच बोलत नाही, तो मुळातच कमी बोलतो. आबांकडे विषय काढला की ते 'बघू' म्हणून बैलाकडे जातात. मला विचारशील तर ३१२ हा फार सुंदर आकडा आहे. हे अर्थातच मी त्यांना वाचून दाखवणार नाही. — छकुली


बारामती
७ ऑक्टोबर १९९७

ती. मामांस,

तुमच्या मनीचा नमस्कार. मामा, काळजी सोडा. पत्र मिळालं त्याच दिवशी मी आतल्या खोलीतल्या मोठ्या मशीनवर तुमचं नाव काढलं. दुरुस्ती झाली आहे. २ तारखेलाच झाली. आडसाली लागण, विहिरीकडचा तुकडा, नंबर ४१. दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांत तोडणीची टोळी तुमच्या बांधावर येईल.

खिडकीवर ३१२ कसा सांगितला, ते मला कळत नाही. खिडकीवरचं मशीन आतल्या मशीनलाच विचारून सांगतं, वायरने जोडलेलं आहे. खिडकीवर बसणाऱ्या सोनबाने कदाचित दुसऱ्या तात्याबांचं नाव काढलं असेल. पुन्हा एकदा जाऊन विचारा, म्हणजे तुमचीही खात्री होईल.

छकुलीला सांगा, तिची तक्रार वाचली. मला हसू आलं. लग्न ठरलेल्या मुलीने इतका अभ्यास केलेला मी पहिल्यांदाच पाहते आहे. मामींना नमस्कार.

तुमची,
मनिषा


सणसर
९ ऑक्टोबर १९९७

चि. मनिषास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, गूळ वाटावा असं वाटलं. लगेच एसटी धरून खिडकीवर गेलो. ३१२. सोनबाला म्हटलं, नीट बघ, भाचीने ४१ लिहिलंय. त्याने नाव काढलं, बापाचं नाव काढलं, गट नंबर काढला. मीच तो. आणि ३१२. जेवणानंतर पुन्हा विचारलं. ३१२. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. ३१२.

आता गंमत ऐक. माझ्या मागे कोऱ्हाळ्याची लीलाबाई उभी होती. तिनेही माझ्यासारखाच दुरुस्तीचा अर्ज केलेला. तिचा नंबर दोनशेवरून साठावर आला, खिडकीवरच दिसला. तिचा दिसतो, माझा का दिसत नाही? रांगेतले लोक मला हसले. एक जण म्हणाला, "तात्या, भाचीनं कागदावर लाडू दिला तुमाला. कोऱ्हाळेवाल्यांचं आत कुनीतरी हाय, आपल्या सणसरवाल्यांचं न्हाय." मी म्हणालो, माझी भाचीच आत आहे. तर ते आणखी हसले.

मनी, तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. पण मशीन खोटं बोलतं हेही माझ्या मनाला पटत नाही. त्याच्याकडे बघून तर हात जोडावेसे वाटतात. सोनबाने घटस्थापनेपासून त्याला झेंडूची माळ घातलीय, बाजूला घट मांडलाय, समोर नंदादीप. म्हणतो, नऊ दिवस दिवा विझवायचा नाही तसं मशीनही विझवायचं नाही. वीज गेली तर बॅटरीवर चालवतो. एवढी सेवा करूनही ते मला ३१२ च सांगतं.

कोऱ्हाळ्याहून काल निरोप आला, तारीख कधी कळवता. आता मी कुणाचं ऐकू?

तुझा मामा,
तात्याबा

ता. क. आबा रोज सकाळी आंघोळ करून, टोपी घालून नंबर विचारायला जातात. आई म्हणते, देवाला इतके गेले असते तर देव भेटला असता. — छ.


बारामती
१४ ऑक्टोबर १९९७

ती. मामांस,

सापडलं! आणि चूक सोनबाची नाही, कोऱ्हाळेवाल्यांची नाही, माझी आहे. तुमच्या पत्रातलं माळेचं आणि नंदादीपाचं वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

नीट सांगते. खिडकीवर दिवसाला तीन-चारशे माणसं विचारतात. दर वेळी आतल्या मशीनकडून पान मागवायचं तर रांग फाटकाबाहेर जाईल. म्हणून खिडकीवरचं मशीन एकदा आणलेलं पान स्वतःच्या मेमरीत ठेवून घेतं. ती जागा लहान असते. जे पान पुन्हा पुन्हा लागतं ते तिथेच राहतं, जे कुणी विचारत नाही ते निघून जातं.

इकडे आतलं मशीन रोज दुपारी एक वाजता, काम न थांबवता, मागच्या मागे आवराआवर करतं. रद्द झालेल्या नोंदी काढतं, दुरुस्त झालेल्या त्यांच्या खऱ्या जागी नेतं. तो आवराआवरीचा प्रोग्रॅम मी लिहिला. खूप मिरवलं होतं मी त्याबद्दल. पण आवरून झाल्यावर खिडकीला 'तुझ्याकडचं पान आता जुनं झालं, टाकून दे' असं सांगायचं मी त्यात घातलंच नव्हतं.

एरवी हे कुणाला कळलं नसतं, कारण सोनबा रोज संध्याकाळी मशीन बंद करतो. बंद केलं की मेमरी कोरी होते आणि सकाळी सगळं ताजं येतं. नवरात्रात त्याने ते बंदच केलं नाही. २ तारखेच्या सकाळी आणलेलं सणसरचं पान दसऱ्यापर्यंत तसंच बसून राहिलं. कोऱ्हाळ्याचं फारसं कुणी विचारत नाही, म्हणून ते दर वेळी नवीन आलं. मामा, रागावू नका, पण तुम्ही आणि तुमचे गाववाले रोज जाऊन विचारत होता ना, त्यामुळेच ते जुनं पान जागेवर टिकलं. चार दिवस कुणी गेलं नसतं तर ते आपोआप निघून गेलं असतं.

शुक्रवारीच मी सोनबाकडे गेले. म्हटलं, मशीन बंद कर. तो म्हणाला, "बाई, घट उठल्याबिगर मी हात लावायचा न्हाय. कारखान्याला काय झालं तर?" माझा त्याच्याशी वाद घालायचा धीर झाला नाही. दसरा झाला, घट उठले, काल त्याने बंद करून पुन्हा सुरू केलं. पहिलं नाव तुमचं काढलं. ४१. दोन्हीकडे ४१. आता प्रत्येक पानावर, ते शेवटचं कधी बदललं याची, खूण ठेवायची सोयही केली. उत्तर देण्याआधी खिडकी ती खूण तपासून घेईल.

तेव्हा आता निर्धास्त व्हा आणि मार्गशीर्षातली तारीख धरा. एवढ्या फेऱ्या माझ्यामुळे पडल्या याचं फार वाईट वाटतं.

तुमची,
मनिषा


सणसर
२० ऑक्टोबर १९९७

चि. मनिषास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. सगळं वाचून घेतलं. मशीनचं कारण काही डोक्यात शिरलं नाही, पण तू मेहनत घेतलीस हे कळलं. ३१२ तर ३१२. त्याला तू तरी काय करणार. उगाच मनाला लावून घेऊ नकोस.

कोऱ्हाळ्याला निरोप धाडला की ऊस फाल्गुनात जाईल, लग्न वैशाखात धरू. विहीणबाई जरा फुगल्यात. बघू. दिवाळीला येऊन जा.

तुझा मामा,
तात्याबा


बारामती
२४ ऑक्टोबर १९९७

ती. मामांस,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा चक्रावले. मी ३१२ कुठे लिहिला? मी ४१ लिहिला होता! माझ्या पत्राचं दुसरं पान गळालं का? की पाकिटात भलतंच काही गेलं? आज मी सोनबाकडे जाऊन पुन्हा पाहिलं, आत जाऊन पाहिलं, मशीन बंद करून पाहिलं. सगळीकडे एकच आकडा. आता तर मलाच शंका यायला लागली आहे की मी काय लिहिलं होतं.

पत्रातल्या अक्षरांत हरवू नये म्हणून आकडा चौकटीत मोठा काढते. एसटीच्या पाटीवरचा वाचता तसा वाचा:

४१

निरोप ताबडतोब फिरवा. वैशाखाची काही गरज नाही. कारखान्यात पहिली मोळी टाकायचा मुहूर्त होतोय, हंगाम सुरू झाला की मला दिवाळीची सुटीही नाही. या वर्षी फराळ तिकडूनच पाठवा.

तुमची,
मनिषा


सणसर
२९ ऑक्टोबर १९९७

प्रिय मनीताई,

हे पत्र फक्त माझं आहे. आबा शेतात आहेत.

तुझ्या पत्राचं पान गळालं नाही. पाकिटातही भलतं काही आलं नाही. मी ४१ च्या जागी ३१२ वाचला. आधी ठरवून काही केलं नव्हतं. मशीनचं सगळं नीट वाचून दाखवत आले, नंदादीपावर आबा हसलेसुद्धा. मग तो आकडा आला आणि माझ्या तोंडून ३१२ बाहेर पडला. आबा म्हणाले, "बरं." मला वाटलं ओरडतील, चौकशी करतील. नुसतं "बरं" म्हणाले आणि निरोप लिहायला सांगितलं. तोही मीच लिहिला.

काल तुझं चौकटीचं पत्र आलं. तेही मी वाचलं, तसंच. आबांनी कागद हातात घेतला, उलटसुलट केला, घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "मनीचं अक्षर मोठं झालंय." त्यांना अक्षरं येत नाहीत हे माहीत आहे ना तुला?

ताई, माझ्यावर रागव, पण ऐक. दोन वर्षं मी पहाटेची एसटी पकडून इंदापूरला गेले. परवा वॉर्डात एका बाईच्या हाताला शीर सापडत नव्हती, सिस्टरांनी मला बोलावलं. मला सापडली. एवढ्यावर सोडून मी चुलीपुढे बसू का? मला युवराज नको आहे असं नाही. मला मार्च पाहिजे. तेवढाच पाहिजे.

यापुढे पत्रात नंबर लिहू नकोस. तुझ्या पाया पडते.

छकुली


बारामती
३ नोव्हेंबर १९९७

छकुले,

काय करून बसलीस तू हे! मी आठ-दहा दिवस माझ्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत बसले. सोनबाला चार वेळा मशीन बंद करायला लावलं. तो मला वेडी म्हणतो आहे. आणि चूक होती तुमच्या ओसरीवर.

रागावलेय, पण आधी घाबरलेय. तू काहीही वाच, टोळीला तुझं वाचन ऐकू येत नाही. वीस-बावीस तारखेला कोयते घेऊन माणसं विहिरीकडे उभी राहतील, तेव्हा मामांना काय सांगशील? त्यांना वाटेल भाचीनेही फसवलं आणि लेकीनेही. वैशाखाचं त्यांनी विहीणबाईंना तोंड भरून सांगितलं आहे, ते वेगळंच.

तू लिहिलं नाहीस, पण तुझ्या मनात असणार म्हणून सांगते. मला एक कळ दाबून ४१ चा ३१२ करता येतो. कुणाला कळणारही नाही. मी करणार नाही. एकदा चुकून जुना आकडा दाखवला तर गावाने आम्हाला चोर ठरवलं, आता जाणूनबुजून कसा दाखवू?

पहिल्या पत्रातली तुझी परीक्षेची गोष्ट मी हसण्यावारी नेली, ते माझं चुकलं. त्याबद्दल माफ कर. पण मामांना तूच सांग. ते बैलाकडे गेले तर बैलापाशी जाऊन सांग.

मनिषा


बारामती
१७ नोव्हेंबर १९९७

छकुले,

तुझं उत्तर नाही. मामांना सांगितलंस का?

इकडे माझं डोकं फिरायची वेळ आली आहे. आज सकाळी तुमच्या टोळीची तारीख बघावी म्हणून नाव काढलं. तात्याबा, विहिरीकडचा तुकडा, आडसाली, नंबर ३१२.

आतल्या मशीनवर, छकुले! जिथे जुनं पान असूच शकत नाही. मी खिडकीवर पळाले, तिथेही ३१२. बंद केलं, सुरू केलं, ३१२. दुपारची आवराआवर थांबवली, कालच्या फ्लॉपीवरची नोंद काढून पाहिली, तीत ४१. म्हणजे आज बदलला. साहेबांच्या केबिनबाहेर दोनदा जाऊन परत आले. काय सांगू, माझ्या मामाचा नंबर आपोआप हलला? त्यांना पहिला संशय माझाच येणार. सोनबाला विचारलं तर तो मिशीत हसतो आणि म्हणतो, "बाई, मशीन बरोबर हाय, तुमीच एकदा बंद व्हऊन चालू व्हा."

तू इथे कुणाला भेटलीस का? खरं सांग. माझी नोकरी जाईल.

मनी


अंथुर्णे
१९ नोव्हेंबर १९९७

मनिषाताईंना रामहरीचा नमस्कार. मी अंथुर्ण्याचा शेतकरी, आपली ओळख नाही. तुमचे मामा माझ्या ओसरीवर बसलेत. म्हणतात, "मी बोलतो तसंच लिव्ह, एक शबुद हिकडंतिकडं करू नगं." म्हणून तसंच लिहितो.

मने, तुजं छकुलीच्या नावाचं पत्र पोस्टमननं माज्याच हातात दिलं. ते रामहरीनं वाचलं. भिऊ नगं. नंबर मीच बदलून घेतला. शेतकी हापिसात अर्ज दिला, दोघांच्या सह्या-अंगठ्यानिशी, सायबाचा शिक्का हाय त्याच्यावर, तिथल्याच मानसानं आकडा मशीनीत चढवला. सोनबाला म्या सांगितलं होतं की बाईला येवढ्यात बोलू नगं, आमच्या घरातली गोष्ट हाय. त्यो लईच पाळतो बग.

मला अक्षरं येत न्हाईत, पर आकडा येतो. काट्यावरचा येतो, एसटीवरचा येतो. तू चौकटीत काढलेला चार आन येक मी बघितला, आन त्याच येळेला छकुली त्वांडानं तीनशे बारा म्हनत हुती. कागद खिशात घातला आन मळ्यात जाऊन बसलो. आधी लई राग आला. मग वाटलं, माजी पोर कदी भाकरीच्या तुकड्यावरनं खोटं बोलली न्हाय. तिला बापाम्होरं आसं वाचायची पाळी का आली? तिनं परीक्षेचं तीनदा काढलं हुतं. तिनीबी येळंला मी उठून गेलो. माजं चुकलं, मने. लई लागलं मनाला.

मग खिडकीवर गेलो. सोनबाला म्हनलं, मला माजा नंबर नगं सांगूस, आज ह्ये सांग की तीनशे बारा कुनाचा हाय. त्यो निघाला ह्या रामहरीचा. त्याच्या घरी आलो, म्हनलं, गड्या, तुजा नंबर मला दे, माजा तू घे. त्याला वाटलं म्हातारा खुळावला. चा पाजून तीनदा इचारलं त्यानं.

(ताई, मी खरंच तीनदा विचारलं. आडसाली ऊस फाल्गुनापर्यंत उभा राहिला तर तुरा येतो, वजन घटतं, हे मी त्यांना समजावलं. — रामहरी)

घटू दे. कोऱ्हाळ्यालाबी जाऊन आलो. युवराजला बांधावर गाठून सरळ इचारलं. त्यो म्हनला, "मामा, तिची परीक्षा होऊ द्या, मी आईला सांगतो." पोरगं येवढं बोललं, आन मी सा म्हयने समजत हुतो की त्याला बोलताच येत न्हाय.

छकुलीनं आजून मला काय सांगितलं न्हाय. रोज संध्याकाळी माज्याकडं बगती, त्वांड उगडती, आन परत वहीत डोकं घालती. तिला तू काय कळवू नगंस. आब्यास मोडंल. परीक्षा झाली की मीच सांगंन. आपल्या बाला खोटं वाचून दावलं म्हनून ती जन्मभर झुरत राहील, तसं नगं व्हायला. म्हनून तर येवढा आटापिटा केला. आता ती जे वाचती ते खरं हाय.

तात्याबा
(डाव्या हाताचा अंगठा)